एडीएचडी असलेल्या मुलाचा अभ्यास: स्वतः घ्यायचा, क्लास लावायचा, घरी सर ठेवायचे की स्पेशल एज्युकेटर?

माझा मुलगा आता चौथीत आहे, सेमी इंग्लिशला, राहायला आम्ही नाशिकला, इंदिरानगर. दुसरीत असताना त्याचं एडीएचडीचं (यात मुलाचं लक्ष टिकत नाही, चंचलपणा आणि उतावळेपणा जास्त असतो) निदान झालं आणि तेव्हापासून आत्तापर्यंत आमचं सगळं करून झालंय, मी स्वतः अभ्यास घेतला, ग्रुप क्लास लावला, घरी येणारे सर ठेवले आणि आता स्पेशल एज्युकेटरकडे (अशा मुलांना शिकवायचं खास प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिका) जातोय. जून आला की ओळखीतल्या आया हमखास विचारतात, काय लावू गं, म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढतेय.

निदान झालेलं नसेल तर आधी ते करून घ्या, क्लासचं नंतर बघा. मुलाचं लक्ष नाही म्हणजे एडीएचडीच असं काही नसतं. कमी ऐकू येत असेल, चष्म्याचा नंबर असेल, अ‍ॅडेनॉइड्स (नाकामागच्या गाठी) वाढल्यामुळे रात्री घोरत असेल आणि झोप होत नसेल तरी मूल दिवसभर चिडचिडं आणि चंचल राहतं. डॉक्टर बघतात की लक्षणं किमान ६ महिने आहेत का, १२ वर्षांच्या आत सुरू झाली का, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतात का, म्हणजे घरी पण आणि शाळेत पण. फक्त तुमच्यासमोर वही काढल्यावरच गोंधळ होत असेल आणि शाळेत सगळं ठीक असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. खर्चाचा प्रश्न असेल तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते, आपल्या त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलला जाऊन चौकशी करा, लाजू नका.

आता पहिला पर्याय, आपण स्वतः. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण दुसरं काहीही लावलं तरी हे सुटत नाही.

फायदा उघड आहे, पैसे लागत नाहीत आणि मूल कधी थकलंय, कधी भुकेलंय ते आपल्याइतकं कुणाला कळत नाही. तोटा म्हणजे भांडण. आमच्याकडे रोज साडेसातला महाभारत असायचं, मी ओरडायची, तो रडायचा, आणि मग असं झालं की मी गणिताची वही हातात घेतली तरी तो माझ्याकडे बघायचाच नाही. मला वाटायचं मुद्दाम करतो. नंतर वाचनात आलं की रसेल बार्कली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक ढोबळ हिशोब सांगितलाय, स्वतःला आवरणं, वेळेचं भान, कामाची आखणी या बाबतीत ही मुलं वयाच्या साधारण ३० टक्के मागे असतात. म्हणजे माझा १० वर्षांचा मुलगा या बाबतीत ७ वर्षांचा. सात वर्षांच्या पोराला कुणी म्हणतं का, जा आत बसून तासभर स्वतःचा अभ्यास कर? मी रोज तेच म्हणत होते.

मग मी काय बदललं ते सांगते. एका वेळी एकच सूचना. आधी मी म्हणायची "दप्तर ठेव, हातपाय धू आणि डायरी काढ" आणि तो दप्तर ठेवून गॅलरीत जाऊन कबुतरं बघत बसायचा, कारण पुढच्या दोन गोष्टी डोक्यातून केव्हाच गळलेल्या असायच्या. आता एक सांगते, ती झाली की दुसरी. अभ्यास दहा मिनिटांचा, समोर वाळूचं घड्याळ, मग पाच मिनिटं उठायचं, असं तीन-चारदा. पानावर दहा गणितं असतील तर नऊ पेपरखाली झाकते, दिसतं फक्त एक. पाढे गच्चीवर बॉल टाकत-झेलत होतात, बसून कधीच झाले नाहीत. अभ्यासाच्या आधी अर्धा तास जॉगिंग ट्रॅकवर पळवून आणते, त्या दिवशी आणि न पळलेल्या दिवशी फरक मला स्पष्ट दिसतो. आणि बक्षीस लगेच. "वार्षिकला चांगले मार्क पडले तर सायकल" हे या मुलांना लागूच पडत नाही, मार्च खूप लांब असतो त्यांच्यासाठी, दहा मिनिटं नीट बसला की एक स्टार, पाच स्टार झाले की त्याच संध्याकाळी बाबांबरोबर कॅरमचा एक डाव, हे चालतं. कौतुक पण नेमकं करायचं, नुसतं "गुड बॉय" म्हणण्यापेक्षा "आज तू हातच्याचं गणित स्वतः तपासलंस" म्हटलं की तो दुसऱ्या दिवशी परत तपासतो.

दुसरा पर्याय ग्रुप क्लास. स्वस्त, जवळ, शेजारची पोरं पण तिथेच, म्हणून सगळे आधी हाच लावतात आणि आम्ही पण लावला. पण मुलाच्या बाजूने बघा, शाळेत पाच-सहा तास कसंबसं बसून आलेलं मूल, त्याला परत दीड-दोन तास वीस मुलांच्या खोलीत बसवायचं, वर क्लासचा होमवर्क वेगळा. आमच्याला तिथे सगळ्यात मागे बसवलं होतं, "तो इतरांना डिस्टर्ब करतो" म्हणून. मागे बसलेल्या मुलाच्या समोर वीस डोकी हलत असतात, त्याचं फळ्याकडे लक्ष जाणार कसं? तीन महिन्यांनी काढला. तरी ग्रुप क्लास वाईटच असं मी म्हणणार नाही. त्रास सौम्य असेल, मुलाला सोबत आवडत असेल आणि पाच-सहाच मुलं असतील तर चालू शकतो. फी भरण्याआधी एवढंच विचारा: त्याला पुढे बसवाल का आणि उभं राहून लिहिलं तर चालेल का. "आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो" असं उत्तर आलं तर ते नाहीच समजा.

तिसरा, घरी येणारे सर. दोघं नोकरीला असतील, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या शिफ्ट असतील, तर हा खरंच आधार आहे. शेजारी नुसतं कुणीतरी शांतपणे बसलेलं असलं तरी या मुलांचं काम पुढे सरकतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आमचे सर इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, स्वभावाने फार चांगले, मुलाला आवडायचे पण. गडबड वेगळीच झाली, होमवर्क रोज पूर्ण दिसायचा आणि युनिट टेस्टला तीच गणितं यायची नाहीत, कारण अर्धं गणित सर स्वतःच सोडवून द्यायचे. सर ठेवलेत तर सरांना पण दहा मिनिटांचं घड्याळ द्या आणि सांगा, वही पूर्ण झाली नाही तरी चालेल पण पेन मुलाच्याच हातात राहू द्या.

चौथा, स्पेशल एज्युकेटर. इथे शिकवण्याची पद्धतच वेगळी असते, मॅडम आधी दोन-तीन वेळा नुसतं बघत होत्या की हा कुठे अडकतो, आणि मग कळलं की त्याला भागाकार येतो पण पायऱ्या लक्षात राहत नाहीत, त्यासाठी एक चित्रांची पट्टी करून दिली जी आम्ही घरी पण वापरतो. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, आणि शेवटची पाच मिनिटं माझ्यासाठी. ही शेवटची पाच मिनिटं मिळत नसतील तर मला वाटतं निम्मे पैसे वाया. खर्च मात्र जास्त आहे, क्लासच्या महिन्याच्या फीमध्ये इथे मोजकीच सेशन्स होतात. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. आणि अंतर बघा! सिंहस्थ २०२७ चा, रस्त्यांची कामं चालू, द्वारका आणि मुंबई नाक्याला संध्याकाळी अडकलात तर मूल पोहोचेपर्यंत संपलेलं असतं. लांबच्या नावाजलेल्या मॅडमपेक्षा वीस मिनिटांवरच्या साध्या मॅडम मी निवडेन. ऑक्युपेशनल थेरपी आणि हे एकच समजू नका, पेन धरणं, बसण्याचा तोल, आवाज-स्पर्श सहन न होणं यासाठी ती असते.

अ‍ॅप आणि यूट्यूबवर फार बोलत नाही, बघताना मूल शांत बसतं आणि बंद केल्यावर काय बघितलं ते सांगता येत नाही, आमचा तरी हाच अनुभव. डोळे बांधून ब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन करणाऱ्या वर्कशॉपवर एक रुपया घालू नका. आणि साखर बंद केली की चंचलपणा जातो हे घरोघरी ऐकायला मिळतं, १९९५ मध्येच अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला आणि साखरेने वागण्यात फरक पडत नाही असंच निघालं. साखर दातांसाठी कमी करा.

औषधाचा निर्णय यातल्या कुठल्याच पर्यायाच्या बदल्यात होत नाही, तो मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांबरोबर वेगळा घ्यायचा. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संस्था आधी आईवडिलांचं प्रशिक्षण सांगते, त्यापुढच्या वयाला औषध आणि वर्तनाचं प्रशिक्षण दोन्ही.

मग निवडायचं कसं? वाचताना अक्षरं उलटसुलट होतात, स्पेलिंग काही केल्या राहत नाही, असं असेल तर सरळ स्पेशल एज्युकेटर, कारण सोबत लर्निंग डिसेबिलिटी असू शकते आणि तिची तपासणी वेगळी असते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत तीच आहे, एडीएचडी स्वतंत्र नाही, त्यामुळे पुढे सवलतीचा प्रश्न आला तर हा फरक नडतो. असं काही नसेल आणि तुमचं-मुलाचं बरं जमत असेल तर सहा महिने स्वतःच करा. भांडण एकाच विषयावरून होत असेल तर तेवढाच विषय दुसऱ्याकडे द्या, सगळे नको. आम्ही तेच केलंय, गणित मॅडमकडे, मराठी आणि परिसर माझ्याकडे, इंग्रजी शनिवारी त्याचे बाबा घेतात, आणि साडेसातचं महाभारत आता आठवड्यातून एखाद्या वेळी होतं.

काहीही लावलंत तरी पहिल्या महिन्यात एका वहीत रोज दोनच गोष्टी लिहा, एक पान व्हायला किती मिनिटं लागली आणि त्या दिवशी कुणी ओरडलं का. दुसऱ्या महिन्याची फी द्यायच्या आधी ती वही काढून बघा.