उंदरांचे फोटो खरे होते, इंजेक्शनं मात्र आमच्या गळ्यात मारली

बाबांना स्ट्रोक येऊन तीन महिने झाले होते. उजवा हात उचलत नव्हता, शब्द अडखळत होते. तेव्हा कुणीतरी एका सेंटरचं नाव सुचवलं. "ग्रोथ फॅक्टरची दहा इंजेक्शनं घ्या, मेंदू वाचतो, पेशी परत वाढतात," असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. बाबांची ठेव मोडून आम्ही पैसे भरले.

ते धादांत खोटं बोलले असते तर कदाचित मला संशय आला असता. पण दाखवलेलं बरंच खरं होतं. ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना जगवणारी, वाढवणारी प्रथिनं, आणि ती शरीरात असतातच. त्यांच्या शोधाबद्दल रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ साली नोबेल मिळालं. उंदरांच्या मेंदूचे फोटोही खरे. फक्त त्या उंदरांना औषध रक्तपुरवठा तुटल्यावर काही तासांत दिलेलं होतं, हे त्यांनी गाळलं. आम्ही गेलो तीन महिन्यांनी!

माणसांवरही हे करून झालंय, ते मी पैसे गेल्यावर वाचलं. जी-सीएसएफ हा पांढऱ्या पेशी वाढवणारा ग्रोथ फॅक्टर स्ट्रोकच्या ३२८ रुग्णांच्या चाचणीत ९ तासांच्या आत देऊनही उपयोग दिसला नाही. एरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या पेशी वाढवणारा ग्रोथ फॅक्टर, त्याच्या जर्मनीतल्या स्ट्रोकच्या चाचणीत ५२२ रुग्ण होते. औषध मिळालेल्यांपैकी १६.४ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ९ टक्के. ते वाचून माझे हातपाय गार पडले, कारण बाबांना नेमकं काय टोचलं हे आम्हाला आजही माहीत नाही. बाटलीवर लेबल नव्हतं. विचारलं तर नर्स म्हणाल्या, "फ्रीजमध्ये ओलं होऊन निघतं." पावतीवर नुसतं "उपचार शुल्क".

चौथ्या इंजेक्शननंतर बाबांनी बोटं मिटली. लगेच सेंटरवाल्यांनी व्हिडिओ काढला. पण बोटं महिनाभर आधीच मिटू लागली होती, फिजिओथेरपिस्टच्या वहीत तारखेसह लिहिलंय. सुरुवातीच्या महिन्यांत मेंदू स्वतःहूनही बराच सावरतो. त्या सावरण्याचंच श्रेय ते विकत होते.

पैशांपेक्षा मला सलतं ते वेगळंच. "औषध मुरेपर्यंत हाताला ताण नको" म्हणून त्यांनी व्यायाम बंद करायला लावला. पाच आठवडे. सगळ्यात मोलाचे दिवस होते ते.

तुमच्याकडे असं कुणी आलं तर औषधाचं नेमकं नाव लिहून मागा, स्ट्रोकनंतर किती तासांत दिल्यावर फायदा दिसला ते विचारा. "ही चाचणी आहे" म्हणत औषधाचे पैसे मागितले तर उठून या. बाटलीचा फोटो आधी तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. लेबल नसेल तर टोचू देऊ नका. आणि व्यायाम कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका, आधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा.