एक्सेल शीट, गिटमधला तिकीट नंबर की महागडं टूल? कोडमागचं कारण शोधायला काय बरं पडतं

आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ होती, जीएसटीचा स्टेट कोड 25 आला तर 26 धरायचा. कमिट मेसेज (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक बदलासोबत, म्हणजे कमिटसोबत, लिहायची टीप) काय, तर "फिक्स". नवीन पोराला वाटलं कचरा आहे, उडवली, आणि महिनाअखेरीला जुन्या बिलांच्या क्रेडिट नोट अडकायला लागल्या. दीड दिवस खोदल्यावर कळलं की 26 जानेवारी 2020 ला दमण-दीव (25) आणि दादरा-नगर हवेली (26) एकत्र झाले, म्हणून जुन्या बिलांतला 25 हा 26 धरायला ती ओळ, आणि लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. तेव्हापासून ट्रेसेबिलिटी (कुठला कोड कशासाठी लिहिला याचा माग) कशी ठेवायची यावर आमच्यात रोज वाद.

एक्सेल मॅट्रिक्स म्हणजे रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरने काय करायचं ती मागणी) नंबर, फाइल, टेस्ट केस असे कॉलम. क्लायंटला दाखवायला झकास, फुकट. पण कोड रोज बदलतो आणि शीट ऑडिटच्या आदल्या रात्री भरली जाते, सगळ्यांना माहितीये. आणि 25-26 सारख्या एका ओळीपर्यंत ती पोचतच नाही.

गिटमध्ये प्रत्येक कमिटला तिकीट (कामाची किंवा तक्रारीची नोंद) नंबर, नसेल तर कमिट-मेसेज हुक (कमिट करताना आपोआप चालणारी तपासणी) कमिट होऊच देत नाही. मग ब्लेम (ओळ शेवटची कुठल्या कमिटने बदलली ते दाखवणारी गिटची कमांड) मारला की ओळीवरून कमिट, कमिटवरून तिकीट, दोन मिनिटांचं काम. लिनक्स कर्नलवाले तर "फिक्सेस" टॅगमध्ये ज्या कमिटने बग घातला त्याच्या हॅशचे (कमिटच्या ओळख क्रमांकाचे) निदान पहिले 12 अक्षर-अंक लिहितात, त्यावरून कुठल्या जुन्या व्हर्जनला पॅच लागेल ते कळतं. भानगडी इथेही आहेतच. कोणीतरी फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं टूल) चालवतो आणि सगळ्या फाइली त्याच्या नावावर (गिट 2.23 पासून असे कमिट ब्लेममधून वगळता येतात, ते सेटिंग करून ठेवा). आणि तिकिटात "कॉलवर बोलल्याप्रमाणे" एवढंच असेल तर नंबर असून उपयोग शून्य, शिवाय उद्या तिकीट टूल बदललं की जुने नंबर अनाथ, म्हणून कारण कमिटमध्येच लिहायचं.

डोअर्स, पोलॅरियन वगैरे रिक्वायरमेंट सांभाळणाऱ्या महागड्या टूलची खरी मजा अशी की रिक्वायरमेंट बदलली की तिला जोडलेल्या टेस्टवर संशयाची खूण येते, हे बाकी दोघांत नाही. विमानाचं सॉफ्टवेअर (डीओ-178सी), गाडीचं (आयएसओ 26262) किंवा मेडिकल (आयईसी 62304) करत असाल तर ट्रेसेबिलिटीचा पुरावा द्यावाच लागतो, तिथे पैसे टाका. पण लायसन्ससोबत ते सांभाळायला माणूसही लागतो, सहा जणांच्या टीमला ते झेपत नाही.

आम्ही गिट आणि हुक घेतलं. जुना कोड मागे जाऊन जोडत बसलो नाही, जिथे हात लागेल तिथेच. ती ओळ परत टाकली, कमिटमध्ये दोन वाक्यांत कारण, आणि सोबत एक टेस्ट, नाव "जुनं दमण बिल".