सोमच्या रणभूमीतून धावताना : दोन दिवस, दोन रूट, माझा रिव्ह्यू

उत्तर फ्रान्समध्ये सोम नदीच्या परिसरात पहिल्या महायुद्धाची जी रणभूमी आहे तिथे मी आणि माझी ताई दोन दिवस धावून आलो, तर रूट कसा आहे, कुठे धावायचं, कुठे अजिबात नाही, हे नीट लिहून ठेवतोय कारण जायच्या आधी मी शोधत होतो तेव्हा बसने किंवा गाडीने फिरणाऱ्यांसाठी ढीगभर माहिती मिळाली पण पायाने जाणाऱ्यांसाठी फार थोडी.

पहिल्या दिवसाचा रूट आल्बेर गावातून सुरू होऊन आल्बेरलाच संपतो. आल्बेर, ला ब्वासेल, पोझिएर, तिएपवाल, मग आंक्र नदी ओलांडून बोमाँ-आमेल आणि मागच्या गावांमधून परत, असा साधारण २५-२६ किमीचा लूप. आल्बेरला आमियाँहून थेट ट्रेन आहे, स्टेशनातून बाहेर पडलं की बॅसिलिकाच्या टोकावरची सोनेरी मेरी दिसते. १९१५ च्या जानेवारीत तोफगोळा लागून ही मूर्ती आडवी झुकली आणि १९१८ पर्यंत तशीच लटकत राहिली, आताची नंतर बसवलेली. परत येताना शेवटचे काही किमी पाय जड झालेले असतात तेव्हा ती लांबूनच दिसायला लागते आणि किती उरलंय ते कळतं, त्यामुळे आमच्यासाठी तर तीच फिनिश लाइन होती.

चढ फार नाहीत. सगळा भाग खडूच्या मातीचा, लांबलचक उतार आणि मोकळी शेतं, झाडं कमी, त्यामुळे वारा मात्र जबरदस्त लागतो. नकाशावर बघून मला वाटलेलं सपाटच आहे, पण धावायला लागल्यावर कळतं की प्रत्येक गाव एकेका हलक्या उंचवट्यावर आहे आणि त्या उंचवट्यावरून खालचं सगळं स्वच्छ दिसतं. गाडीतून हे कळतच नाही. सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलै १९१६ ला, ब्रिटिश सैनिक जिथून निघाले तिथून वर बघत धावलं की वर बसलेल्या जर्मन मशीनगनवाल्याला काय दिसत असेल ते पायांना समजतं, आणि खरं सांगायचं तर या रूटचं सगळ्यात मोठं देणं मला हेच वाटतं.

ला ब्वासेलजवळ मॅश व्हॅली नावाची पसरट दरी आहे, तिथे दोन्ही बाजूंच्या खंदकांमधलं अंतर साधारण ७०० मीटर होतं. ७०० मीटर म्हणजे ट्रॅकचे पावणेदोन राउंड. मी आरामात धावत चार मिनिटांच्या आत पार केलं, डांबरी रस्त्यावरून, पाठीवर फक्त पाण्याची छोटी बॅग. त्यांच्या अंगावर साधारण ३० किलो वजन होतं आणि समोरून गोळ्या. बाजूलाच ओव्हिलेरची दफनभूमी आहे, ३,४०० च्या वर कबरी, त्यातल्या बहुतेकांची ओळखच पटलेली नाही. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जण मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता, त्यातले मेलेलेच १९,२४०. हा आकडा मी आधी वाचला होता, पण पायाखाली ते ७०० मीटर आल्यावर तो वेगळाच वाटायला लागला.

तिथून जवळच लॉकनागर क्रेटर. जर्मन खंदकाखाली बोगदा खणून स्फोटकं भरली आणि हल्ल्याच्या २ मिनिटं आधी, सकाळी ७:२८ ला उडवली, त्याचा हा खड्डा, साधारण १०० मीटर रुंद आणि २१ मीटर खोल. १९७८ मध्ये एका इंग्रज माणसाने स्वतःच्या पैशाने ही जागा विकत घेतली म्हणून तो बुजवला गेला नाही. कडेने लाकडी फळ्यांची वाट आहे. तिथे धावू नका. फळ्या ओल्या असल्या की घसरतात हे एक, आणि दुसरं म्हणजे लोक तिथे फुलं घेऊन आलेले असतात. आम्ही घड्याळ पॉज केलं आणि चालत फेरी मारली, ताई अर्ध्यात थांबली आणि बराच वेळ खाली बघत राहिली, म्हणाली, "अरे, यातली माणसं काढली तरी असतील का रे सगळी?" सगळी नाही काढली ताई, १९९८ मध्येही इथे एका सैनिकाचे अवशेष सापडलेत.

आता रूटमधला सगळ्यात वाईट भाग. आम्ही जो रेडीमेड रूट डाउनलोड केला होता (नाव लिहीत नाही) त्याने ला ब्वासेल ते पोझिएर आम्हाला सरळ मेन रोडवर टाकलं. हा जुना रोमन रस्ता आहे, आल्बेर ते बापोम, पट्टीने आखल्यासारखा सरळ, आणि म्हणूनच ट्रक जोरात जातात आणि चालणाऱ्यांसाठी बाजूला जवळजवळ काहीच जागा नाही. ताई माझ्या मागे होती आणि प्रत्येक ट्रक आला की मी वळून बघत होतो, असं ३ किमी धावणं म्हणजे धावणं नाही. तुम्ही जाल तर ओव्हिलेरच्या बाजूने आतल्या शेतरस्त्यांनी वर चढा, थोडं लांब पडेल पण पडू दे. त्याच फाइलने पुढे एका ठिकाणी चक्क पेरलेल्या शेतातून वाट दाखवली, तिथे आम्ही मागे फिरलो आणि पुढचं सगळं कागदी नकाशा बघून केलं.

पण त्या ३ किमीचा हिशोब मात्र डोक्यातून जात नाही. माझं घड्याळ सांगत होतं १९ मिनिटं. १९१६ मध्ये याच ३ किमीला ३ आठवडे लागले, ला ब्वासेलपासून निघालेली लढाई पोझिएरला पोचली २३ जुलैला, तेही ऑस्ट्रेलियन तुकड्या उतरवल्यावर. तिथल्या पवनचक्कीच्या टेकाडावर आता नुसता गवताचा उंचवटा उरलाय. सहा-सात आठवड्यांत ऑस्ट्रेलियाचे साधारण २३,००० जण या छोट्याशा गावाच्या आसपास जखमी झाले किंवा मेले. रस्त्याच्या पलीकडे रणगाड्यांचं स्मारक आहे कारण १५ सप्टेंबर १९१६ ला इतिहासात पहिल्यांदा रणगाडे युद्धात उतरले ते याच भागात. अख्खी सोमची लढाई १८ नोव्हेंबरपर्यंत चालली, १४१ दिवस, आणि या रस्त्यावर ब्रिटिश फौज जास्तीत जास्त साधारण १० किमी पुढे सरकली. १० किमी म्हणजे रविवार सकाळची एक रेस. आपण ज्या अंतराला कमी म्हणतो त्याची किंमत तिथे कळते.

पोझिएर ते तिएपवाल हा रूटमधला सगळ्यात छान तुकडा. शांत रस्ता, दोन्ही बाजूला बीट आणि गहू, गाडी क्वचितच. तिएपवालची कमान, म्हणजे बेपत्ता सैनिकांचं स्मारक, कितीतरी आधीपासून दिसायला लागते, ती दिसत राहते, नाहीशी होते, पुन्हा दिसते. ७२,००० पेक्षा जास्त नावं, सगळी ज्यांचं शरीर सापडलं नाही किंवा ओळखता आलं नाही अशांची. आर्किटेक्ट एडविन लट्यन्स, म्हणजे नवी दिल्लीवालेच, राष्ट्रपती भवनही त्यांचंच. १९३२ ला उद्घाटन झालं. इथे पाणी भरून घ्या, व्हिजिटर सेंटरला टॉयलेट आहे, कारण पुढे गावांमध्ये दुकान उघडं मिळेल याची अजिबात खात्री नाही. स्मारकाला तिकीट नाही, शेजारच्या म्युझियमला आहे.

तिथून उतार, अल्स्टर टॉवरच्या बाजूने आंक्रच्या खोऱ्यात, नदी आणि रेल्वेलाइन ओलांडायची आणि मग बोमाँ-आमेलपर्यंत चढ. हा चढ छोटा आहे पण पंधरा-सोळा किमीनंतर येतो त्यामुळे जाणवतो, ताईने तो चालतच केला आणि ते अगदी बरोबर होतं.

बोमाँ-आमेलचं न्यूफाउंडलँड पार्क. गेटपाशी आलो आणि धावणं बंद. इथे खुणा केलेल्या पायवाटेवरूनच चालायचं, कारण खंदक खरे आहेत, तेव्हाचेच, वर फक्त गवत उगवलंय, आणि काही भागात जमिनीखाली अजूनही न फुटलेला दारूगोळा आहे, तिथे कुंपण घालून आत मेंढ्या सोडलेल्या असतात. १ जुलैला न्यूफाउंडलँडचे (हा भाग आता कॅनडात आहे) साधारण ८०० जण इथून निघाले, अर्ध्या तासात सगळं संपलं, दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला ६८ जण उभे होते. उतारावर एक वाळलेलं झाड आहे, डेंजर ट्री म्हणतात, पुष्कळ जण तिथवरच पोचले. खंदकापासून त्या झाडापर्यंत आम्ही चालत गेलो, एका दमात चालून होतं ते अंतर. यावर मी आणखी काही लिहीत नाही, जाऊन बघा. वर टेकाडावर कॅरिबूचा (उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण) पुतळा आहे आणि माहिती द्यायला कॅनडाहून आलेले विद्यार्थी असतात, फार मनापासून सांगतात, घाईत असाल तरी १५ मिनिटं त्यांच्यासाठी काढा.

सुरक्षेचं एकच पण महत्त्वाचं. शेताच्या बांधावर, विजेच्या खांबापाशी गंजलेले गोळे ठेवलेले दिसतील. नांगरताना अजून निघतात, शेतकरी कडेला ठेवतात आणि बॉम्ब पथक येऊन घेऊन जातं. आम्हाला एक दिसला. हात लावू नका, पायाने ढकलू नका, फोटो काढायला जवळ जाऊ नका. आणि साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा सीझन असतो, तेव्हा जंगलाच्या कडेने धावायचं असेल तर भडक रंगाचा टीशर्ट घाला. पाऊस पडून गेला असेल तर शेतवाटांवर ही खडूची माती बुटाला किलोकिलोने चिकटते, ट्रेलचे शूज असले तरी. आम्ही एप्रिलमध्ये गेलो, त्या चिखलातून पाय उचलताना पूर्ण वेळ मनात तेच, की हे लोक यात महिनोन्महिने राहिले.

दुसरा दिवस माझ्यासाठी जास्त महत्त्वाचा होता. आल्बेरच्या उत्तरेला, सोमच्या बाहेर, ला बासे आणि बेथ्यूनच्या बाजूला नव-शापेल नावाचं गाव आहे, तिथे भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. ला बासे स्टेशनवरून ५-६ किमी. सरळ मोठा रस्ता आहे पण तो टाळा, गावांमधून वळून गेलात तर ८-९ किमी होतात आणि जीव शांत राहतो. जमीन इथे एकदम सपाट, जिकडेतिकडे पाण्याचे चर. जरा खणलं की पाणी लागतं म्हणून इथे खंदक खोल खणताच येत नव्हते, मातीच्या भिंती वर उभ्या कराव्या लागायच्या. धावायला सोपा रूट आहे, दिसायला कंटाळवाणा, आणि तरी दोन्हीपैकी एकच दिवस मिळणार असेल तर मी हाच निवडेन.

स्मारक एका चौकात आहे, बाजूने गाड्या सतत जात असतात. गोल आवार, अर्ध्या बाजूला नावांची भिंत, अर्ध्या बाजूला दगडी जाळी, छत्र्या, मधे अशोकस्तंभासारखा साधारण १५ मीटरचा खांब, वर कमळ आणि मुकुट, पायथ्याशी दोन वाघ. हर्बर्ट बेकर यांचं काम, म्हणजे दिल्लीचे नॉर्थ आणि साउथ ब्लॉक ज्यांनी केले तेच. उद्घाटन ७ ऑक्टोबर १९२७. ४,७०० च्या वर नावं. खांबावर इंग्रजी, अरबी, गुरुमुखी आणि देवनागरीत कोरलंय. फ्रान्सच्या एका रिकाम्या चौकात अंगातून घाम निथळत असताना देवनागरी अक्षरं दिसली आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही.

बहुतेक लोक इथे १० मार्च १९१५ च्या लढाईसाठी येतात, गढवाल रायफल्सचे गब्बरसिंग नेगी त्याच दिवशी गेले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचं नाव भिंतीवर आहे. पण त्याच्याही आधी, २८ ऑक्टोबर १९१४ ला, याच गावात ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या घुसल्या होत्या. मूळ काम पूल बांधायचं, रस्ते करायचं, सुरुंग लावायचं, आणि त्यांना त्या दिवशी पायदळासारखं घराघरातून लढवलं. फार मोठं नुकसान झालं त्यांचं. नावं रेजिमेंटप्रमाणे लावलेली आहेत त्यामुळे सॅपर्सचं पॅनेल शोधणं सोपं जातं, ताई एकेका नावावर बोट न टेकवता हवेत फिरवत मोठ्याने वाचत गेली, मी पाण्याची बाटली हातात घेऊन मागे उभा होतो.

चौकातच पलीकडे पोर्तुगीज दफनभूमी आहे, १,८३१ कबरी, ती पण बघा. मग पाय शिल्लक असतील तर रिशबूरवरून फेस्त्युबेरपर्यंत जाता येतं, साधारण ७ किमी, छोटे शांत रस्ते. १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये पूना हॉर्स या भारतीय घोडदळाचे लोक घोडे मागे ठेवून तिथल्या खंदकात लढले. या भागात रस्त्यावर पाट्या कमी आहेत, काय कुठे झालं ते आधी वाचून गेलात तरच समजतं, आणि याबाबतीत सोमच्या बाजूला जितकी सोय आहे तितकी इथे नाही याचं मला वाईट वाटलं.

रेटिंग द्यायचं तर सोमचा लूप ५ पैकी ४, तो मेन रोडचा भाग टाळलात तर साडेचार. नव-शापेल रूट म्हणून ३, जागा म्हणून ५. ब्रिटिश दफनभूम्यांच्या गेटपाशी भिंतीत छोटं दार असलेला कप्पा असतो, त्यात रजिस्टर आणि व्हिजिटर बुक ठेवलेलं असतं, घामाचे हात पुसून उघडा आणि लिहून या. ग्रुपने जाणार असाल तर स्पीकरवर गाणी नकोत आणि स्मारकांवर पाय टाकून स्ट्रेचिंग तर अजिबात नको, आम्ही एका ग्रुपला तसं करताना पाहिलं.

सोमच्या बाजूचा एक तुकडा राहिला. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी डेक्कन हॉर्स या भारतीय घोडदळाचे स्वार भाले घेऊन हाय वुड आणि डेलविल वुड या दोन जंगलांच्या मधल्या पिकांतून चढले होते. साधारण दोन-अडीच किमीचं अंतर आहे, डेलविल वुडला साउथ आफ्रिकेचं स्मारक आहे (हे पण बेकरांचंच) आणि त्या लढाईतून वाचलेलं एक जुनं झाड अजून उभं आहे. पुढच्या वेळी जुलैत जायचं ठरलंय, त्याच तारखेला, संध्याकाळी सातच्या सुमारास तिथून निघायचं.