'नॉनस्टॉप' राउटरचे पावणेदोन लाख आणि ती 43 मिनिटं

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं इंटरनेटचं छोटं काम आहे. आधी केबल टीव्ही होती, मग फायबर आलं. आज 3,200 कनेक्शनं आहेत आणि पुण्याहून दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन लाइन येतात. दुसऱ्या लाइनवर जुना राउटर आहे. पहिल्या लाइनसाठी गेल्या वर्षी नवा घेतला, ही गोष्ट त्याची.

विकणारा मुंबईचा. गोड बोलणारा, दर वाक्याला 'शेठ'. राउटरचे चार लाख ऐंशी हजार आणि वर 'नॉनस्टॉप लायसन्स'चे 1,75,000. हे लायसन्स टाकलं की रूटिंग रीस्टार्ट झालं तरी गिऱ्हाइकाचं एक पॅकेटसुद्धा, म्हणजे डेटाचा एक तुकडाही, पडणार नाही, असं त्याचं म्हणणं. आमच्यासारख्यांच्या हे लगेच गळी उतरतं. मोठ्या राउटरवर जगभरचे सुमारे दहा लाख रूट, म्हणजे वाटा, असतात. एका कंपनीचा राउटर दुसरीच्या राउटरला, म्हणजे शेजाऱ्याला, हे रूट बीजीपी नावाच्या पद्धतीने सांगतो. बीजीपी एकदा बंद पडलं की शेजाऱ्याकडून ते सगळे पुन्हा यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आमचा फोन तापतो.

त्याने सांगितलेली कल्पना खोटी नव्हती, हे आधी सांगतो. राउटरमध्ये दोन कामं वेगळी चालतात: शेजाऱ्यांशी बोलून वाटा ठरवणं आणि ठरलेल्या वाटेने पॅकेट ढकलणं. एसटी स्टँडवरचा नियंत्रक चहाला गेला तरी फळ्यावरच्या वेळा बघून गाड्या सुटतात, तसं. फक्त दोन अटी. फळा कोणी पुसायचा नाही, आणि शेजारच्या डेपोने 'तिकडे कोणीच नाही' म्हणून गाड्या वळवायच्या नाहीत. याला ग्रेसफुल रीस्टार्ट म्हणतात. ओएसपीएफसाठी (आपल्याच जाळ्यातल्या राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायची पद्धत) त्याचं मानक 2003 मध्ये आलं, आरएफसी 3623 (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे कागद); बीजीपीसाठी जानेवारी 2007 मध्ये, आरएफसी 4724. रीस्टार्ट होणारा राउटर शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवतो: मी गेलो तर इतके सेकंद माझे रूट काढू नका, मी पॅकेट ढकलतच असेन. शेजारी ते रूट 'शिळे' अशी खूण करून ठेवतो. राउटर परत आला, त्याने सगळं पुन्हा सांगितलं, शेवटी 'झालं' अशी खूण पाठवली, की उरलेलं शिळं टाकून देतो.

म्हणजे सगळा कारभार शब्दावर. शेजाऱ्याला तुमचा फळा दिसत नाही.

डेमो त्याच्या गाळ्यात झाला. टेबलावर दोन राउटर, दोन्ही बाजूंना लॅपटॉप, स्क्रीनवर पिंग, म्हणजे समोरच्याला सारखं 'आहेस का?' विचारून उत्तर येतंय का बघणं. त्याने माझ्यासमोर बीजीपीची प्रोसेस मारली. पिंग चालूच, एकही गेलं नाही. मी खूश होऊन मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला. तो फोटो नीट बघायची बुद्धी मला चार महिन्यांनी झाली. रूटच्या ओळीच्या सुरुवातीला 'एस' होता, बीजीपीचा 'बी' नव्हता. 'एस' म्हणजे हाताने लिहिलेला स्टॅटिक रूट. एकाच ठिकाणी जायला दोन रूट असले तर ज्याचा आकडा लहान तो जिंकतो. स्टॅटिकचा 1, बाहेरच्या शेजाऱ्याकडून बीजीपीने आलेल्याचा 20. त्या टेबलावर बीजीपी शोभेपुरतं होतं. ते मारलं काय, ठेवलं काय, पिंगला फरकच नव्हता.

लायसन्सचं बिल वेगळ्या कागदावर आलं, त्यावर जीएसटी नंबर नव्हता. विचारलं तर म्हणाला, "शेठ, ते सॉफ्टवेअरचं आहे, नंतर पाठवतो." मी गप्प बसलो. हा दोष माझा.

जोडणी करताना त्याचा माणूस म्हणाला, रीस्टार्टची वेळ 4095 ठेवू, जास्त असली की सेफ. ही वेळ 12 बिटांत लिहितात, त्यामुळे 4095 सेकंद हा त्यातला सर्वांत मोठा आकडा. म्हणजे 68 मिनिटं. आमच्याकडे नेहमी 120 ठेवतात. मला वाटलं, असेल बुवा.

मग त्याने अपडेट पाठवलं. रात्री दोन वाजून पाच मिनिटांनी टाकलं. जुनी प्रोसेस बंद झाली आणि नवी उठेना, कुठलीतरी लायब्ररी जुळत नव्हती. प्रोसेस गेल्याबरोबर राउटरने बीजीपी आणि ओएसपीएफचे सगळे रूट पुसून टाकले. फळा कोरा. 40 सेकंदांनी जुन्या राउटरला कळलं की शेजारी गेला, आणि गिऱ्हाइकांचा बाहेर जाणारा ट्रॅफिक त्याने दुसऱ्या लाइनवर घेतला. इथवर ठीक. पण पहिल्या लाइनची पुण्याची कंपनी आमचे शिळे रूट धरून बसली होती आणि पुढे जगाला सांगतही होती. त्यामुळे तिच्या बाजूने येणारं प्रत्येक उत्तर आमच्या मेलेल्या डब्यात येऊन पडत होतं. विचारणा बाहेर जातेय, उत्तर परत येत नाही. अमेरिकेच्या शिफ्टला घरून काम करणाऱ्या पोरांचे फोन सुरू झाले. "दादा, काही साइट चालतात, काही नाही." अशी तक्रार सर्वांत वाईट, कारण आपण आधी डीएनएसमागे (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) धावतो. मी धावलो. मग फायबरही उपटून बघितली, पण मधे तिसऱ्याच कंपनीचा स्विच, पुण्याच्या टोकाला लाइट हिरवाच.

पावणेतीनच्या सुमाराला तिथल्या ड्युटीवरच्या मुलाला फोन लागला. त्याने बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्याच राउटरने सांगितलंय की थांबा, मी येतोय." त्याने आमच्याशी असलेलं बीजीपीचं सेशन हाताने साफ केलं आणि गाव चालू झालं. 43 मिनिटं. लायसन्स नसतं तर हे मिनिटाभरात आपोआप वळलं असतं, ही खरी आग.

सकाळी राउटरला मॉनिटर लावला. आत साधा सर्व्हर, त्यावर डेबियन लिनक्स आणि एफआरराउटिंग नावाचं रूटिंगचं सॉफ्टवेअर. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ग्रेसफुल रीस्टार्टसकट. मूळ सेटिंगमध्ये ते फक्त शेजाऱ्याला मदत करतं. स्वतः रीस्टार्ट होताना रूट जपायचे तर ते वेगळं चालू करावं लागतं. त्याने 'थांबा' सांगणारी ओळ टाकली होती, फळा जपायचं काही केलंच नव्हतं. 1,75,000 रुपये त्या अर्ध्या कामाचे.

पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, "मशीन चालतंय ना? मग फसवणूक कसली?" वकिलांनी अर्ज नीट लिहून दिला, पूर्वीचं 420 आता भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक आयोगात दाद मिळणं अवघड, असंही तेच म्हणाले. अर्ज पडून आहे.

कोणी असं काही विकायला आलं तर डेमोच्या टेबलावर स्टॅटिक रूट एकही ठेवू देऊ नका. आणि तुमच्या राउटरवर नाही, समोरच्या राउटरवर बघायला मागा: तिथे रूट शिळे दिसतात का, किती सेकंद धरलेत. मग प्रोसेस मारा आणि बाहेरून आत पिंग करा, मोबाइलच्या नेटवरून चालेल. आमच्याकडे सगळ्यांची सवय आतून बाहेर पिंग करायची. त्यात डब्याने उत्तरं गिळलेली कळतात, पण कुठे गिळली ते कळत नाही. शेवटी प्रोसेस मारून उठवूच नका, आणि शेजारी किती वेळ वाट बघतो ते घड्याळ लावून मोजा. ही शेवटची चाचणी करायला कुठलाच विक्रेता आनंदाने तयार होत नाही.

गेल्या महिन्यात रूट जपायची सेटिंग मीच केली, वेळ 120 वर आणली आणि एका रविवारी पहाटे बीजीपी मुद्दाम मारलं. सेकंदाला दहा पिंग बाहेरून चालू होते. एकही पडलं नाही. पैसे परत मागायला त्याला फोन केला तेव्हा रागाच्या भरात हेही बोलून गेलो. तो हसला.

"बघा शेठ, मी म्हणालो नव्हतो?"