बेरा की एएसएसआर?

बाळाला किती ऐकू येतं, हे मेंदूकडे जाणाऱ्या विद्युत प्रतिसादावरून बघायच्या या दोन तपासण्या. दोन्हींत बाळ झोपलेलं हवं, डोक्याला इलेक्ट्रोड हवेत. इथवर सारखंच.

बेरात क्लिक, म्हणजे अगदी छोटा 'टक्' आवाज, ऐकवून पहिल्या 10 मिलिसेकंदांतल्या प्रतिसादाच्या लाटा बघतात. 1971 मध्ये जुएट आणि विलिस्टन यांनी त्यांना रोमन आकडे दिले. पाचवी सर्वांत भरवशाची. पण क्लिक मुख्यतः 2000 ते 4000 हर्ट्झच्या उंच स्वरांचंच सांगतो, आणि लाट ओळखायला अनुभवी नजर लागते.

एएसएसआरमध्ये 500 ते 4000 हर्ट्झचे चार स्वर दोन्ही कानांत एकदमच वाजवता येतात. प्रतिसाद आहे की नाही, हे संगणक ठरवतो. श्रवणयंत्र बसवताना हे फार कामाचं. मात्र दोष कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत असेल, तर मी बेराच आधी मागेन. एएसएसआरच्या नुसत्या आकड्यांवरून तो कळत नाही.