कफ मापाचा, सेल बिनमापाचे

कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं सर्जिकलचं दुकान. नाव लिहीत नाही; काउंटरवरचं पोरगं गुणी आहे, त्याच्या पोटावर पाय नको. पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन त्याचेच.

आईसाठी दंडावर बांधायचं बीपी मशीन घ्यायचं होतं. पोरानं आधी टेप काढून आईचा दंड मोजला. २९ सेंटिमीटर. "या मशीनचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, २२ ते ३२ चा, आज्जींना बसतोय," म्हणाला. कफ घट्ट-सैल झाला की आकडा चुकतो, हे मला माहीतच नव्हतं.

पुढं मालक आले. "सारखे सेल कशाला आणताय, चार्जिंगचे न्या," म्हणत चार सेल आणि चार्जर गळ्यात मारला.

आठवड्यातच कफ अर्धा फुगला की घरघर थांबायची, बॅटरीची खूण यायची आणि मशीन बंद. रात्रभर चार्ज केले तरी तेच. आई म्हणाली, "माझं बीपी मशीनला बी झेपंना व्हय रं?"

दुकानात गेलो. मालक म्हणाले, मशीन ओके आहे, सेल दुसऱ्या कंपनीचे, त्याला आम्ही काय करणार? मशीनच्या कंपनीला फोन लावला तर उत्तर आलं, अल्कलाइन, म्हणजे चार्ज न होणारे साधे सेल वापरा, माहितीपत्रकात लिहिलंय. लिहिलंय खरं, बारीक अक्षरात.

मी उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करतो. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, चार्जिंगचा १.२ चा. चारांचे ६ हवेत तिथं ४.८. त्यात कफ भरत आला की पंपाच्या मोटारीवर लोड येतो, व्होल्टेज आणखी बसतं आणि मशीनला वाटतं सेल संपले. हे मला कळतं. पेन्शनवरच्या म्हाताऱ्या माणसाला कोण सांगणार? एप्रिल २०२० पासून अशी उपकरणं कायद्यानं औषधात धरतात. मग ज्यानं मशीन दिलं, त्याच हातानं दिलेले सेल त्या मशीनला चालतात का, हे त्यानंच बघायचं. मी मोटारीबरोबर बारीक केबल दिली आणि ती जळाली, तर 'केबल माझी नव्हं' म्हणून गिऱ्हाईक सोडंल काय मला?

कोपऱ्यावरच्या दुकानातून साधे अल्कलाइन आणले. दोन महिने झाले, दिवसातून दोनदा बघतो, तेच चार चालू आहेत.

चार्जर परत घेतला नाही. ते सेल आता टीव्हीच्या रिमोटात आहेत, तिथं झकास चालतात.