नेपाळी ब्रन्सविक रायफल, ‘अनटच्ड’ ग्रेड: घ्यावी का?

अमेरिकेत राहून ज्यांना टोपीच्या ठासणीच्या बंदुका (दारू-गोळी तोंडातून ठासायची, बार पेटवायला छोटी धातूची टोपी) जमवायचा नाद आहे त्यांच्यासाठी लिहितोय, बाकीच्यांनी गंमत म्हणून वाचा. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातून म्हणजे तिथल्या जुन्या शस्त्रागारातून हजारो जुन्या बंदुका अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या, तो माल अजूनही बाजारात फिरतोय. त्यातलीच एक ब्रन्सविक मी एका डीलरकडून ऑनलाइन मागवली, हजार डॉलरच्या आत बसली. ब्रिटिशांच्या १८३७ च्या पॅटर्नवरून नेपाळातच हाताने बनवलेली नक्कल, हे त्यांनी साइटवर स्पष्ट लिहिलं होतं, त्यात काही फसवाफसवी नाही.

दोन ग्रेड मिळतात, साफ केलेली आणि ‘अनटच्ड’. अनटच्ड म्हणजे खरंच कोणी हात लावलेला नाही, बॉक्स उघडला तर आत बंदूक आहे का काळं लाकूड तेच कळेना. वर्षानुवर्षांचं ग्रीस तुपाच्या बेरीसारखं घट्ट बसलेलं आणि त्यात धूळ, आणि तो वास गॅरेजमधून जायला बरेच दिवस लागले (बायकोने घरात आणू दिली नाही, बरोबरच आहे तिचं). मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचं द्रावण), जुना टूथब्रश आणि लाकडी काडी, एवढंच वापरा. सँडपेपर किंवा वायर ब्रशचं चाक अजिबात लावू नका, लाकडावरचा जुना रंग आणि धातूवरच्या खुणा गेल्या की किंमतही गेली.

आणि हो, सगळ्यात आधी नळीत बार भरलेला नाही ना ते बघा. गज (गोळी ठासायची काठी) नळीत तळापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा, मग बाहेरून नळीला लावून बघा निपलच्या (जिच्यावर टोपी बसते त्या बोंडीच्या) जवळ पोचतो का. बोटभर जरी कमी पडला तर थांबा आणि जाणकाराला दाखवा. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या सापडतात, ही उगाच भीती नाही.

आता मजेचा भाग. नळीच्या आत टॉर्च मारला तर समोरासमोर फक्त दोनच खोबणी दिसतात, हीच ब्रन्सविकची ओळख. हिची गोळी गोल असते पण तिच्या कमरेला शिशाचाच पट्टा, तो पट्टा खोबणीत बसवून मग गजाने खाली ढकलायची. कागदावर झकास आयडिया, पण चार बार उडाले की दारूची काजळी साठते आणि गोळी खाली जाता जात नाही, म्हणून ब्रिटिश सैनिक वैतागायचे. पुढे १८५३ ची एनफिल्ड ही ब्रिटिश रायफल आली तिच्यात नळीपेक्षा बारीक गोळी सहज खाली जायची आणि बार उडताना फुगून खोबणी पकडायची, तेव्हा ही मागे पडली. दस्त्यातली पितळी झाकणाची डबी मात्र फारच देखणी, माझ्या मते फक्त तिच्यासाठी घेतली तरी चालेल.

ग्रीस निघाल्यावर नळीवर देवनागरीत कोरलेलं वर आलं! अमेरिकन कलेक्टर हे काय लिहिलंय म्हणून विचारत फिरतात, आपल्याला आकडे सरळ वाचता येतात. पलटणीचं नाव अर्धं झिजलंय. नेपाळी बंदूक म्हटल्यावर इतिहासही आठवतो: आपल्याकडे सत्तावन म्हटलं की नानासाहेब, ते शेवटी नेपाळच्याच तराईत गेले, आणि १८५८ मध्ये नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर राणा स्वतः फौज घेऊन लखनौला इंग्रजांच्या मदतीला आला होता. माझी बंदूक तिथे होती असं म्हणायला काडीचाही पुरावा नाही, डीलरनेही तसं म्हटलं नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास बसला.

तक्रारी आहेतच. निपल गंजून बसलंय, एक स्क्रू गायब, आणि हाताने बनवलेली असल्यामुळे दुसऱ्या ब्रन्सविकचा स्क्रू हिला बसत नाही, कारागिराकडून करून घ्यावा लागतो. गज बहुतेक दुसऱ्याच कुठल्यातरी बंदुकीचा आहे. पॅकिंग तर भिकार, दस्त्याशी पुठ्ठ्याचा एक तुकडा, बस. ईमेलला उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी आलं आणि गजाचे थोडे पैसे परत दिले.

फेडरल कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक धरतात म्हणून पार्सल थेट घरी आलं, पण तुमच्या राज्याचे नियम वेगळे असू शकतात ते आधी बघा. भारतात न्यायचा विचार असेल तर आर्म्स ॲक्ट आणि कस्टम्सचं काय ते आधी विचारून घ्या, एअरपोर्टवर नको. उडवायचा विचार तर करूच नका, ही भिंतीवर लावायची वस्तू आहे.

पाचपैकी चार स्टार. साफसफाईचा कंटाळा असेल तर जास्त पैसे देऊन साफ केलेलीच घ्या, फक्त नळीवरच्या अक्षरांचे फोटो आधी मागवा, जास्त घासलेल्या असतील तर अक्षरं पुसट होतात. संगीन वेगळी घ्यावी लागते.